नागपूरजवळ

"मारेगाव? हे नक्की आलं कुठे रे?"

इंजिनिअरिंगची चार आणि नोकरीची सहा अशी दहा वर्षं पुण्यात काढली. या दहा वर्षांत हा प्रश्न मला शेदोनशे वेळा तरी विचारला गेला असेल, आणि प्रत्येक वेळी मी एकच उत्तर दिलंय. "नागपूरजवळ."

मंडळी, हे उत्तर साफ खोटं आहे. मारेगावाहून नागपूर सव्वाशे ते दीडशे किलोमीटर, कुठला रस्ता पकडता त्यावर. म्हणजे जवळपास पुणे ते मुंबई. आता सदाशिव पेठेतल्या कुठल्याही काकांना जाऊन म्हणा, "अच्छा, पुणे म्हणजे ते मुंबईजवळचं ना?" आणि सुखरूप परत आलात तर मला भेटा, चहा माझ्याकडून.

पण मी म्हणायचो. कारण "यवतमाळ जिल्हा" म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर दोनपैकी एक भाव उमटतो. एक म्हणजे कोरा, एरर मेसेजसुद्धा न येता स्क्रीन नुसतीच पांढरी पडावी तसा. दुसरा म्हणजे, "ओह... तिकडे ते शेतकऱ्यांचं..." आणि आवाज एकदम खाली, जणू मी सुतकात आहे. हे दोन्ही चेहरे टाळायला नागपूर बरं पडतं. नागपूरला संत्री आहेत, विमानतळ आहे. समोरचा खूश होतो, सावजी मटणाबद्दल एक वाक्य टाकतो आणि विषय संपतो.

आणि चुकून एखादा खोलात शिरलाच, तर पुढचा प्रश्न ठरलेला. "तिथे बघायला काय आहे?"

आज माझं भांडण या चार शब्दांशी आहे.

आमच्या ऑफिसातल्या लोकांच्या डोक्यातला महाराष्ट्राचा नकाशा मला आता पाठ झालाय. पश्चिमेला अलिबाग-दापोली, दक्षिणेला महाबळेश्वर आणि मग एकदम गोवा, उत्तरेला शिर्डी-नाशिक, पूर्वेला... पूर्वेला वाघोलीचा ट्रॅफिक. त्यापुढे बहुधा पृथ्वी संपते. ती ओलांडायची तर विमानाने, लेहला नाहीतर बालीला. लोक बालीला जाऊन भातखाचरं बघतात, त्यांच्यासमोर हात पसरून फोटो काढतात. भातखाचरं भंडाऱ्यालाही असतात, म्हटलं तर हसतात. तिथे बघायला काय आहे?

बरं, हे "बघायला" म्हणजे नक्की काय, हे कधी कोणी ठरवलं? महाबळेश्वर घ्या. आर्थर सीट, केट्स पॉइंट, विल्सन पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट, बॅबिंग्टन पॉइंट. साहेबाला खाली उकडायला लागलं, साहेब डोंगरावर गेला, जिथे उभं राहून त्याला बरं वाटलं तिथे त्याचं किंवा त्याच्या घरातल्या कुणाचं नाव पडलं. जवळपास दोनशे वर्षांनी आपण त्याच कठड्याला टेकून, मागच्या माणसाचं डोकं न येऊ देता तोच देखावा टिपतो आणि वर मक्याचं कणीस खातो. साहेब गेला, त्याची टू-डू लिस्ट राहिली.

साहेब आमच्या वऱ्हाडातही आला होता हं. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडाची अचानक आठवण झाली. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ नॅरोगेज टाकली गेली, १९०३ साली. हीच ती आमची शकुंतला. एकशे तेरा किलोमीटर, एका खाजगी ब्रिटिश कंपनीची गाडी, जिला स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं भाडं मोजलं जात होतं. तर आमच्याकडे साहेब हवा खायला आला नव्हता, गाठी न्यायला आला होता. म्हणून आमच्याकडे पॉइंट नाहीत. आणि पॉइंट नाहीत म्हणून बघायला काही नाही. असो.

हे सगळं तत्त्वज्ञान मी कँटीनमध्ये जरा जोरात सांगितलं. त्यावर आमच्या टीममधला कोथरूडकर (नाव घेत नाही, त्याला हेच शोभतं) म्हणाला, "मग चल ना, दाखव." त्याने नुकतीच गाडी घेतली होती आणि ती कुठेतरी दामटायची खाज होतीच. सोबत माझा रूममेट सातारकर. २०२५ चा नोव्हेंबर, दिवाळी होऊन गेलेली, रिलीज पुढे ढकललेलं. चार दिवस रजा, त्याला शनिवार-रविवार जोडला. निघालो.

आता कबुलीजबाब. मी स्वतः घरी कसा जातो? संध्याकाळी ट्रॅव्हल्समध्ये चढतो, पडदा ओढतो, कानात गाणी कोंबतो आणि सकाळी यवतमाळला डोळे चोळत उतरतो. मधला अख्खा महाराष्ट्र मी झोपेत पार केलाय, दर दिवाळीला, उन्हाळ्याला, लग्नांना. वाशीम कसं दिसतं विचाराल तर मला एक ट्यूबलाइट आणि एक ढाबा आठवतो, जिथे बस पंधरा मिनिटं थांबते आणि चहा वीस रुपयांना मिळतो. म्हणजे कोथरूडकराला वाशीम माहीत नाही आणि मलाही नाही. फरक एवढाच, की मी तिथून शंभरदा गेलोय.

आणि ही झोपही फुकटची नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे नागपूरहून पुण्याला येणारी ट्रॅव्हल्स सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर उलटली आणि पेटली. पंचवीस माणसं गेली. त्या दिवशी सकाळी आईचा फोन आला तेव्हा मी पुण्यातच होतो, अंथरुणात. तरी ती आधी दोन मिनिटं काही बोललीच नाही. विदर्भातली पोरं पुण्याला येतात ती अशी, रात्रीची, आडवी पडून. कारण दिवस वाया घालवणं कुणालाच परवडत नाही.

समृद्धीबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर नागपूरचे मित्र अंगावर येतील. ७०१ किलोमीटर, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, रस्ता झकास आहे. ज्याचा पेशंट गाडीत आहे त्याने ताशी १२० नेच जावं. पण आपल्या भाषेत सांगायचं तर ते टनेल आहे. एका टोकाला पॅकेट आत टाकायचं, दुसऱ्या टोकाला बाहेर काढायचं, मधल्या राउटरला आत काय आहे ते कळत नाही आणि आतल्याला मधलं काही दिसत नाही. दोन्ही बाजूंना उंच कुंपण, मध्ये मेहकर, मालेगाव, कारंजा या नुसत्या पाट्या. नागपूर आणि मुंबई एकमेकांजवळ आले हे खरंच. मेहकरचं काय झालं, हे त्या रस्त्यावरून कळत नाही.

म्हणून आम्ही जुन्या रस्त्याने गेलो. नियम दोनच. अंधार पडला की गाडी उभी करायची, आणि नकाशा जेवढे तास सांगेल त्याच्या दीडपट घ्यायचे.

पहिल्या दिवसाबद्दल फार सांगत बसत नाही. नगर, संभाजीनगर, जालना. सिंदखेड राजाला लखुजी जाधवांच्या वाड्यात अर्धा तास दगडावर बसलो. जिजाऊंचं जन्मस्थान, सातारकर एरवी फार बोलतो, तिथे गप्प होता. मुक्काम लोणारला. सकाळी सरोवराच्या काठावर उभे राहिलो तर कोथरूडकराचा चेहरा बघण्यासारखा झाला. आकाशातून आलेल्या दगडाने बेसॉल्टच्या पठाराला पाडलेलं जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं भोक, आत खारं पाणी, कडेने मोडकी देवळं. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं तेव्हा त्याने तो फोटो फॉरवर्ड केला होता, पण हे महाराष्ट्रात आहे एवढंच माहीत होतं. "च्यायला, हे पुण्याजवळ असतं ना..." तो म्हणाला.

"तर काठावर मिसळ महोत्सव भरला असता," म्हटलं. "बरं झालं लांब आहे."

दुसरा दिवस मात्र माझा होता. रिसोड, वाशीम (होय, वाशीम दिवसाही असतं, बऱ्यापैकी मोठं आहे, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतं), मंगरूळपीर, कारंजा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून मोकळी झालेली वावरं आणि मग हळूहळू कापूस. कारंजाला नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. सातारकराच्या आईने प्रसाद आणायला बजावलं होतं, त्यामुळे तिथे सक्तीचा हॉल्ट. कोथरूडकराने नकाशा बघून विचारलं, "हे कारंजा, आणि पुढे परत करंजी दिसतंय. तुमच्याकडे फराळावरून गावं ठेवतात का रे?" या विनोदाला माफी आहे, ड्रायव्हिंग तो करत होता.

दारव्ह्याकडे जाताना गवतात बुडालेले दोन बारीक रूळ दिसले. शकुंतलेचे. गाडी आता धावत नाही. आम्ही उतरून रुळांवर थोडं चाललो. सातारकर म्हणाला, आमच्या लहानपणी नाणी ठेवायचो रुळांवर. इथे ठेवलेलं नाणं जसंच्या तसं परत मिळालं असतं. ब्रॉडगेज येतेय म्हणे, वर्धा-यवतमाळ-नांदेड. वर्धा ते कळंब हा तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, यवतमाळपर्यंत यायचीय. ज्या जिल्ह्यात कापूस न्यायला १९०३ मध्ये रूळ पोचले, तिथल्या जिल्ह्याच्या गावाला माणसं न्यायला सव्वाशे वर्षांनीही मोठी गाडी नाही. हे मी त्या दोघांना सांगत होतो आणि यवतमाळची पाटी आली.

आणि कोथरूडकराने आवाज खाली आणला. "हेच ना रे ते... आत्महत्यांचं?"

मी चिडलो. खरं तर इतका चिडायला नको होतं. पण हाच तो दुसरा चेहरा. एकतर तिथे बघायला काही नाही, नाहीतर फक्त हेच बघायचं. तिसरं काही आमच्या वाट्याला येतच नाही.

आणि बघायला येणाऱ्यांची काय कमी नाही. २००८ च्या जुलैमध्ये अणुकरारावरून लोकसभेत विश्वासदर्शक ठराव चालू होता, तेव्हा राहुल गांधींनी कलावती बांदूरकर यांचं नाव घेतलं. जळका गावच्या, आमच्याच मारेगाव तालुक्यातल्या. नवरा आत्महत्येने गेलेली शेतकरी बाई. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या बसस्टँडवरून टीव्हीवाल्यांच्या गाड्या ओळीने जळक्याकडे जाताना बघितल्यात. पंधरा वर्षांनी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, अविश्वास ठरावावर बोलताना अमित शहांनी पुन्हा तेच नाव घेतलं. मध्ये २०१४ च्या मार्चमध्ये नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातल्या दाभडीला येऊन चाय पे चर्चा करून गेले. मला कुठल्याच पक्षाशी देणंघेणं नाही. पण एक बाई दिल्लीतल्या दोन बाजूंच्या भाषणात दोनदा येते आणि दोन्ही वेळा कशासाठी, तर समोरच्याला हाणायला. पॉइंटच झाला की तो. जळका पॉइंट, दाभडी पॉइंट. गाडी थांबते, फोटो निघतो, गाडी जाते.

"पण खोटं आहे का ते?" सातारकराने मागून विचारलं.

नाही ना. तिथेच तर गोची आहे. साहेबराव करपे आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे. १९ मार्च १९८६ ला त्यांनी बायको आणि चार मुलांसकट जीव दिला, आणि त्या तारखेला आजही महाराष्ट्रात अनेक लोक उपवास करतात. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. हे सगळं खरं आहे आणि मी ते लपवायला नागपूरच्या मागे उभा राहत होतो, हेही खरंच. माझं म्हणणं इतकंच, की माणूस मेल्यावरच त्याच्या गावाचं नाव तुम्हाला पाठ होणार असेल, तर त्या पाठांतराचा आम्हाला काय उपयोग? जिवंत असताना तो काय पेरतो, कितीला विकतो, संध्याकाळी कुठे बसतो, हे कधी विचारलंत?

गाडीत दहा मिनिटं कोणी बोललं नाही. मग जोडमोह्याकडचं सागाचं जंगल लागलं आणि सगळे नरमले. सागाची मोठाली वाळकी पानं रस्त्यावर पडून टायरखाली पापडासारखी मोडत होती. कोथरूडकराने काच खाली केली. पुढे करंजी (फराळातली) आली, नागपूर-हैदराबाद हायवे ओलांडला आणि दिवे लागायच्या सुमाराला मारेगाव.

आता गावाचं वर्णन. एक मोठा रस्ता आणि त्याला धरून सगळं गाव. बसस्टँड, तहसील, कृषी केंद्रं, मोबाईलची दुकानं, टपऱ्या. जिल्हा यवतमाळ, पण खासदार चंद्रपूरचा. आमदारकीचा मतदारसंघ वणी. मोठं काही घ्यायचं तर वणीला जा, मोठं काही दुखलं तर सेवाग्राम नाहीतर नागपूर गाठा. आमच्या गावाचा पत्ता कायम कुणाच्यातरी अलीकडे नाहीतर पलीकडे. त्यामुळे "नागपूरजवळ" म्हणायची सवय मला पुण्यात लागली असं मी समजत होतो, ती बहुतेक घरूनच आणली असावी.

"बसा बापा, थकले असान," आई म्हणाली, आणि कोथरूडकराने "काकू, चहा नको, उगाच त्रास" असं पुणेरी काहीतरी सुरू केलं. आईला ते कळलंच नाही. पाहुण्याने चहा नको म्हणणं म्हणजे तब्येत बरी नसणं. तिने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी वावरात गेलो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झालेत, साडेचार एकर कोरडवाहू आहे. पऱ्हाटी छातीइतकी, मध्ये तुरीच्या ओळी. बाया वेचणीला लागल्या होत्या, कमरेला ओटी बांधून. सातारकराने हौसेने वेचून पाहिला. अर्ध्या तासात बोंडाच्या टोकांनी बोटं सोलली आणि ओटीत जेमतेम उशीपुरता कापूस. त्या बाया किलोवर मजुरी घेतात. तिने हिशोब केला आणि म्हणाली, "दादा, तुमचा चाहाबी सुटत नाही याच्यात." दुपारी धुऱ्यावर गोवऱ्यांच्या जगऱ्यात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. त्यावर मी काही लिहीत नाही. सातारकर जेवून तुरीच्या सावलीत आडवा झाला तो चार वाजता उठला. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

भावाचं विचारलं तर बाबा हसले. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल. पण तो भाव सरकारी खरेदीत. ऑगस्टमध्ये सरकारने बाहेरच्या कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क ३१ डिसेंबरपर्यंत काढून टाकलं होतं. म्हणजे नेमका आमचा कापूस घरात येईल तेवढ्या महिन्यांत. व्यापारी गावात येतो, मुठीत कापूस दाबतो, "ओला आहे" म्हणतो आणि आपला भाव सांगतो. कोथरूडकर म्हणाला, मग सरकारलाच विका ना. त्यावर बाबा म्हणाले, "चला, दाखवतो."

शेजारचे काकाजी ओट्यावर मोबाईल घेऊन बसले होते. सत्तरीचे. सकाळपासून विक्रीची नोंदणी करत होते. तुम्हाला माहीतच आहे असल्या ॲपचं. नाव टाका, आधार टाका, सातबारा चढवा, ओटीपी टाका. नाव सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं, वडिलांच्या नावातला एक काना इकडचा तिकडे. फोटो चढायला रेंज नाही, रेंज आली तर फाइल मोठी. पण खरी मजा ओटीपीची. काकाजींच्या आधारला नंबर जोडलाय तो मुलाचा. मुलगा चाकणला कंपनीत. आणि शॉपफ्लोअरवर मोबाईल नेऊ देत नाहीत.

म्हणजे कापूस मारेगावला, शेतकरी मारेगावला, आणि ओटीपी चाकणला एका लॉकरमध्ये वाजतोय.

"शिफ्ट कधी सुटते?" मी विचारलं.

"साडेतीनले. मंग बसमदी बसला की लावतो थो फोन."

साडेतीनच्या पुढे मुलाचा फोन आला. त्याने आकडे सांगितले, काकाजींनी कानाला लावलेला फोन खाली घेऊन ते टाकायला सुरुवात केली तोवर वेळ संपली. पुन्हा पाठवा. पुन्हा मुलाला विचारा. मी मध्ये पडलो, दोन फोन घेतले, एकावर बोललो, दुसऱ्यावर टाइप केलं. तिसऱ्या वेळेला गाडी पुढे सरकली आणि सातबाऱ्याच्या पानावर अडकली.

मंडळी, तो दोन मिनिटांचा टाइमआउट मी ओळखतो. मी तो लिहितो. या ॲपमधला नव्हे, पण दुसरीकडचा, एका परदेशी बँकेसाठी. सिक्युरिटी रिव्ह्यूमध्ये मी हात वर करून सांगितलंय, की एकशेवीस सेकंद भरपूर झाले, युजरच्या हातातच तर फोन असतो. युजरच्या हातातच! माझ्या डोळ्यांसमोर कोण युजर होता तेव्हा? कोथरूडकरच होता, दुसरं कोण. स्वतःचा फोन, स्वतःच्या नावाचं सिम, फुल रेंज, तेवीस वर्षांपासून एकच स्पेलिंग.

कोथरूडकर हे सगळं बघत ओट्यावर बसला होता. तो आमच्याकडे टेस्टिंग बघतो. बऱ्याच वेळाने म्हणाला, "हे इथे येऊन कोणी टेस्ट कसं केलं नाही यार?"

मी म्हटलं, "कशाला येतील? इथे बघायला काय आहे?"

तो हसला नाही. मीही फार चतुर बोललो असं मला वाटलं नाही, कारण मी तर इथलाच. माझ्या टीममध्ये मारेगावचा माणूस बसलेला असूनही त्या एकशेवीस सेकंदांवर माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता. नागपूरजवळचा होतो ना मी.

रात्री गच्चीवर पडल्या पडल्या कोथरूडकराने वाघाचं विचारलं. टिपेश्वर जवळच आहे, सफारी करू या का? करू की, म्हटलं. पण एक सांगतो. अवनी वाघिणीला २०१८ च्या २ नोव्हेंबरला मारलं, आमच्यापासून फार लांब नाही, राळेगाव तालुक्यात. तेव्हा मुंबईत मोर्चे निघाले. तिला मारल्याचा आनंद मलाही नाही झाला, दोन बछडी होती तिची. पण त्याआधी दोन वर्षांत ज्या तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते, त्यातल्या एकाचं नाव मोर्चातल्या कुणाला सांगता आलं असतं का? पंपाची वीज अनेकदा रात्रीची असते. ओलिताचा माणूस रात्री वावरात जातो ती हौस म्हणून नाही. वाघ बघायला जिप्सी मिळते, माणूस बघायला जिप्सी नाही.

"झोप आता," सातारकर म्हणाला. "सकाळपासून भाषण देतोयस."

खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी तोंड बंद ठेवलं आणि तो दिवस सगळ्यांत चांगला गेला. बाजारात फिरलो. कोलाम बाया पोडावरून आल्या होत्या, आपसात बोलत होत्या. सातारकराला वाटलं तेलुगू. तेलुगू नव्हे, कोलामी, पण भाषा त्याच घराण्यातली, द्राविडी. म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात बाजाराच्या ओट्यावर उभं राहिलं की एका कानाला मराठी आणि दुसऱ्याला तमिळ-तेलुगूची चुलत बहीण ऐकू येते. हे मी इथे अठरा वर्षं राहून कधी कोणाला सांगितलं नव्हतं. कारण कोणी विचारलं नव्हतं, आणि मलाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

कोथरूडकराला मात्र दुपारनंतर कंटाळा आला, आणि त्याने तो प्रामाणिकपणे सांगितला. "राग मानू नको, पण आता बोअर होतंय." मी राग मानला नाही. मलाही झालं होतं. गावात कंटाळा येतो, तो आलेला कोणी लपवत नाही, टपरीवर बसून सगळे मिळून करतात. आम्हीही केला. काकाजी येऊन बसले, त्यांची नोंदणी शेवटी झाली होती. चाकणवाल्या मुलाने सुट्टी टाकून यायचं ठरवलं होतं म्हणे, सातबाऱ्यावरचं नाव सुधारायला. एका कान्यासाठी एक दिवसाचा पगार आणि येण्याजाण्याचं भाडं.

निघायच्या सकाळी बाबा गाडीजवळ उभे होते. कोथरूडकराला म्हणाले, "तुम्ही आले, बरं वाटलं. तुमच्यामुळे हाही राह्यला." मग माझ्याकडे वळून, आवाज अजिबात न चढवता, हजेरी घेतल्यासारखं म्हणाले, "दहा वर्षांत सलग तीन रात्री पहिल्यांदा."

मी डिकीत कापसाची पिशवी नीट लावत राहिलो. आईने सातारकराच्या आईसाठी वातींचा कापूस दिला होता.

परत येताना सातारकराने विचारलं, समृद्धीने जाऊ का, लवकर पोचू. सोमवारी नऊला कॉल होता. समृद्धीने आलो. वाशीम पुन्हा दिसलं नाही.

सोमवारी कँटीनमध्ये टीम लीड म्हणाला, "काय मग, ट्रिप कशी झाली? कुठे गेला होतात?"

"मारेगावला."

"हे कुठे आलं?"

जिभेवर आलं होतं. गिळलं. "वणीच्या अलीकडे," म्हटलं.

"अरे वा, वणी! मग देवीचं दर्शन घेतलंत की नाही? सप्तशृंगीचं?"

"ती नाशिकची," कोथरूडकर माझ्याआधी म्हणाला. "ही वेगळी."